पाचटाचं विरजण

"मॅडम, माणसाचं कर्ब-नत्र गुणोत्तर किती असतं?"

दहावी 'ब'चा अख्खा वर्ग माना खाली घालून फिदीफिदी हसायला लागला. अल्फिया तर हसता हसता बाकाखालीच गेली. पैज तशीच होती ना! माती तपासणाऱ्या मॅडम शाळेत आल्या की हा प्रश्न सगळ्यांसमोर, उभं राहून, मोठ्यांदा विचारायचा. शाल्मली खोतनं तो विचारला. मागच्या वर्षापर्यंत ही शाल्मली हजेरी देतानासुद्धा अडखळायची. मग तालुक्यात वक्तृत्वाची ढाल तिनं आणली आणि तेव्हापासून तिला कशाचं म्हणून भ्या वाटेनासं झालं. विचारा म्हटलं की विचारते, चढा म्हटलं की चढते!

डॉ. सुलभा तांडेल मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहीत गेल्या.

"उसाचं पाचट. शंभर भाग कर्ब असेल तर नत्र एक भाग. तागाचा हिरवा पाला, विसाला एक. मातीतले जिवाणू, साधारण सहाला एक." मग खडू थांबला. "आणि माणूस. तोही सहाला एकच्या आसपास."

"म्हणजे जिवाणूंना जसं पाहिजे अगदी तस्संच?" शाल्मलीनं विचारलं.

"हो."

"मग काय, फुल्ल थाळी!" मागून कुणीतरी ओरडलं. हसू आलं, पण या वेळी कमी आलं.

"पैज कुणी लावली होती?" मॅडमनी विचारलं.

प्रांजली चौगुले उभी राहिली. शाल्मलीची बालवाडीपासूनची मैत्रीण. ती अजिबात हसत नव्हती. "मी, मॅडम. आमच्या घरी पप्पा सारखं तेच विचारतायत. बांधावरची मारामारी झाली तेव्हापासून."

अल्फिया बाकाखालून वर आली आणि वही उघडून बसली.

आता ही मारामारी काय ते कळायला चिखलवड गाव कळायला पाहिजे, आणि गाव कळायला कर्बबंदी. आभाळात साचलेला कर्ब परत जमिनीत गाडायचा, असं साऱ्या जगानं ठरवलं त्याला तेरा वर्षं झाली होती. तेव्हापासून शेतातली एक काडी जाळायची नाही. पाचट, धाटं, काड, भुस्कट, जे निघेल ते त्याच रानात पुरायचं. वरून उपग्रह बघत असतो. धूर दिसला की तुरुंग. युरिया बनवायला गॅस जळतो म्हणून त्याचे कारखानेही बंद झाले, आणि रेशनवर एकराला सात किलो युरिया मिळायला लागला. सात किलो! म्हणजे दहावीतल्या पोरीच्या दप्तराएवढा.

पहिली काही वर्षं सगळे खूश. माती काळीभोर झाली, केकसारखी मऊ. हात घातला तर कोपरापर्यंत जायचा. मग पिकं पिवळी पडायला लागली. आधी मका, मग ऊस, मग दारातली मेथीसुद्धा. एवढ्या श्रीमंत मातीत पीक उपाशी! जनावरं होती तोवर शेणामुतावर निभावलं. नंतर जनावरंच संपली. कशी संपली, ते गावात कुणी सांगत नव्हतं. कुत्री पण संपली.

आणि पंधरा दिवसांपूर्वी खोतांच्या आणि चौगुल्यांच्या बांधावर युरियाच्या पिशवीवरून भांडण झालं. कोयता चालला. चौगुल्यांच्या गड्याची दोन बोटं तुटून खोतांच्या मक्यात पडली. ती शोधायला गेले तर सापडली नाहीत. नवव्या दिवशी त्या जागचा हातभर मका हिरवागार झाला, पोपटासारखा. दोन्ही घरांनी ते बघितलं. गावानं बघितलं. बोललं कुणीच नाही.

म्हणून तो प्रश्न.

तास संपल्यावर मॅडमनी शाल्मलीला गाठलं. "तुमच्या घरी पाचट कुजवायचं औषध कोण करतं?"

"आई. अख्ख्या गावाला आईच देते!" शाल्मलीनं अभिमानानं सांगितलं. "चला की, दाखवते."

वाटेत ती गप्प बसणारी नव्हतीच. "पण मॅडम, कुजल्यावर खत होतं ना? मग पीक उपाशी का?"

"तू जेवायला बसलीस," मॅडम म्हणाल्या, "आणि तुझ्यासमोर शंभर भाकरी ठेवल्या आणि कालवण चमचाभर. काय करशील?"

"शेजारच्या ताटातलं ओढीन."

"जिवाणू तेच करतात. कर्ब म्हणजे त्यांची भाकरी, नत्र म्हणजे कालवण. पाचटात भाकरीच भाकरी. मग ते मातीतलं नत्र ओढतात, पिकाच्या मुळाशी असलेलं. याला आम्ही नत्रओढ म्हणतो. एरवी दोन महिन्यांत पाचट संपतं, जिवाणू मरतात आणि ओढलेलं नत्र परत मातीत येतं. पिकाला मिळतं."

"पण आमच्याकडं दर दोन महिन्यांनी नवं पाचट पुरतात."

"म्हणून ते कधी मरतच नाहीत. पंगत उठतच नाही. पण एवढ्यानं बोटं नाहीशी होत नाहीत, शाल्मली. त्याला काहीतरी दुसरं कारण आहे."

शाल्मलीची आई, रंजना, परसात होती. मडक्यावरचं ओलं गोणपाट तिनं बाजूला केलं. आत करड्या रंगाचं दाट, बुडबुडे येणारं पाणी. वास आंबट, आणि त्याच्याखाली केस जळाल्यासारखा दुसरा एक वास.

"हे विरजण," आई म्हणाली. "शालू दोन वर्षांची होती तेव्हा सरकारी गाडीतनं पाकीट मिळालेलं. तेव्हापासून मोडू दिलं न्हाई. एक मडकं संपत आलं की त्यातलं वाटीभर मागं ठेवायचं, नव्या पाचटाच्या पाण्यात टाकायचं. वीस दिवसांत लागतं."

"एकच विरजण? तेरा वर्षं?" मॅडमचा आवाज चढला.

"व्हय तर! आणि कुणाचं लवकर लागलं की त्याचंच मागून आणायचं. मंद लागलेलं फेकून द्यायचं. दह्याचं कसं करतो? तसंच."

"अहो, ते एकदा वापरून संपवायचं होतं! दर वर्षी नवं पाकीट घ्यायचं होतं!"

"मग तुमच्या कागदावर विरजण कशाला लिवलं?" आई पण काही कमी नव्हती. "विरजण म्हटल्यावर बाई मागं ठेवणारच की. आणि शेजारीण वाटी घेऊन दारात आली तर विरजणाला न्हाई म्हणतंय का कुणी?"

मॅडम परसातल्या दगडावर बसल्या. म्हणाल्या, "तो कागद मी लिहिला होता. नोकरीचं पहिलं वर्ष. मूळ शब्द होता जिवाणू संवर्धक. कुणाला कळणार, म्हणून मी विरजण लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली होती माझी."

कुंपणाजवळ कावळ्याचं पीस पडलं होतं. मॅडमनी ते उचलून मडक्यात टाकलं. आईनं चहा आणला. चहा पिऊन कप खाली ठेवला तेव्हा मडक्यात पिसाचा कणसुद्धा नव्हता. पाणी फक्त जोरात फसफसत होतं.

"वर्षाला अठरा मडकी," मॅडम हळूहळू सांगत होत्या. "तेरा वर्षांत दोनशेच्या वर. प्रत्येक वेळी तुम्ही सगळ्यात वेगानं लागणारं निवडलंत. वेगानं कोण लागतं? ज्याला नत्र ओढता येतं तो. आधी मातीतलं. ते संपल्यावर पिसातलं, शिंगातलं, चामड्यातलं. आम्ही प्रयोगशाळेत असा जिवाणू मुद्दाम घडवायला गेलो असतो तर जमला नसता. ताई, जरा हात दाखवा."

आईनं हात पुढं केले. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होती. नखं होती, पण चिमणीच्या डोळ्याएवढी. रेशनचं यंत्र आईचा अंगठा घेत नाही, हे शाल्मलीला माहीत होतं. सगळे म्हणायचे, कामानं झिजले हात.

"उपाय?" शाल्मलीनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"गावातलं प्रत्येक मडकं उकळायचं. एकसुद्धा मागं ठेवायचं नाही. पाचट उन्हात पसरून वाळवायचं. आणि दोन वर्षं ऊस नाही, मका नाही, नुसता ताग पेरायचा. तागाच्या मुळांतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात. तो ताग फुलावर आला की गाडायचा. जमीन सावकाश भूक विसरेल."

"दोन वर्षं मग आम्ही काय खायचं? पाचट?"

दारात शाल्मलीचे पप्पा उभे होते. सदाशिव खोत. कानस आणि कोयता हातात. घरातून मघापासून घासण्याचा आवाज येत होता तो कसला, हे तिला आता समजलं.

"सरकारकडून धान्य मागता येईल," मॅडम म्हणाल्या.

"तेरा वर्षं मागतोय युरिया. बाई, मला एकच सांगा. त्या दोन बोटांनी हातभर मका हिरवा झाला. खरं का खोटं?"

"खरं, पण..."

"मग बास." पप्पांनी कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "नदीकाठच्या गावांनी नियम केलाय. ज्याच्या रानात पडला, तो त्या रानाचा. चौगुल्यानं कालच निरोप पाठवलाय, आज बांधावर ये म्हणून. तो येणार त्याच्या रानासाठी. मी न्हाई गेलो तर उद्या माझ्या घरात येईल. माझी पोरगी हाय घरात."

"पप्पा, महिपतीकाका आहेत ते! प्रांजलीचे पप्पा!"

"त्याला बी पोरगी हाय. म्हणूनच येणार तो."

रानातून शिट्टी वाजली. लांब, दोनदा. पप्पा पळाले. आईनं शाल्मलीचा दंड धरला, पण त्या गुळगुळीत बोटांना पकड कुठली! शाल्मली निसटली आणि पप्पांच्या मागं धावली.

बांध म्हणजे काय, घोट्याएवढा मातीचा उंचवटा. एका बाजूला खोतांचे वीसेक लोक, दुसऱ्या बाजूला चौगुल्यांचे तेवढेच. दुपारचे चार, लख्ख ऊन. कुणी शिव्या देत नव्हतं, हेच सगळ्यात भयंकर. भांडण असतं तर शिव्या असत्या. हे काम होतं. मळणीला जावं तसे सगळे आले होते, आणि प्रत्येकाची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नव्हती, अंगावर होती. वजन करत असल्यासारखी.

मग दोन्ही फळ्या भिडल्या.

शाल्मलीनं आजवर मारामारी मोबाईलवर बघितली होती. तिथं माणसं समोरच्याला मागं ढकलतात. इथं उलटं. इथं जो तो समोरच्याला स्वतःकडं ओढत होता. कॉलर धरून, केस धरून, कोयता खांद्यात रुतवून त्याच कोयत्यानं ओढत. एकाचा कान फाटून खाली आला आणि तो कानासाठी थांबला नाही. एकाला तिघांनी ओढून पाचटावर पाडलं आणि त्याच्या पोटावर पाय दिला, तेव्हा तोंडातून आलेलं रक्त वाया जाऊ नये म्हणून एकानं त्याचं डोकं मातीकडं वळवलं. हो, वाया जाऊ नये म्हणून. शाल्मलीनं स्वतः पाहिलं.

पप्पांनी महिपतीकाकांच्या गुडघ्यामागं वार केला. हाडाचा आवाज आला, ओलं लाकूड फुटल्यासारखा. काका आडवे झाले ते नेमके बांधावर. कमरेखाली त्यांचं रान, कमरेवर खोतांचं.

क्षणभर सगळे थांबले. नियमात हे नव्हतं.

मग दोन्ही बाजूंनी ओढायला सुरुवात झाली. चौगुल्यांचे लोक त्यांचे पाय धरून. त्यांचेच लोक! खोतांचे लोक हात धरून. काका किंचाळत होते. ज्या पायाचा गुडघा फुटला होता तोच पाय त्यांचा सख्खा भाऊ पिरगाळून ओढत होता.

"सोडा!" शाल्मली मध्ये घुसली. तिनं काकांना काखेत धरलं आणि बांधाच्या लांबीनं ओढायला लागली, विहिरीच्या दिशेनं, जिथं कुणाचंच रान नव्हतं. कुणाला सुचलं नव्हतं ते तिला सुचलं होतं. पण पंधरा वर्षांच्या पोरीचा जोर तो कितीसा. कुणीतरी तिला कंबरेत लाथ घातली. ती तोंडावर आपटली, एक दात ओठातून आरपार गेला. मान वर केली तेव्हा काका खोतांच्या बाजूला आले होते.

"पडला!" पप्पा ओरडले. "आमच्यात पडला!"

"खोता," काका म्हणाले, अगदी स्वच्छ आवाजात, "मी जिता हाय की रे."

पप्पांनी त्यांना पाचटाखाली ढकललं. चौघांनी वरून पाचट ओढलं. कुणीतरी घरून मडकं आणलं आणि ओतलं. पाचट हलत होतं. बराच वेळ हलत होतं. चौगुल्यांचे लोक त्यांनी ओढून नेलेले दोघं घेऊन शांतपणे परत गेले. दोघं विरुद्ध एक, त्यांचा दिवस बरा गेला होता.

मॅडम बांधापर्यंत आल्या होत्या, "थांबा, थांबा" म्हणत. त्यांना एक दगड कपाळावर बसला. दुसरा लागायच्या आत शाल्मली त्यांना धरून रस्त्यावर घेऊन गेली. दोघी रक्तानं माखलेल्या. गाडीत बसताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी वरून बघते. वरूनच कळेल."

दोन दिवसांनी पोलीस आले. नियमाप्रमाणं दोन्ही आळ्यांनी एकच सांगितलं: माणसं कामाला मुंबईकडं गेली. पोलीस रानात फिरले, मऊ काळ्या मातीत त्यांचे बूट रुतले, ते परत गेले.

नवव्या दिवशी खोतांच्या रानातला बांधाकडेचा पिवळा ऊस हिरवा झाला. हिरवा म्हणजे किती हिरवा! पानं तलवारीसारखी, कांडी मनगटाएवढी. पप्पा सकाळ-संध्याकाळ बघायला जायचे आणि परत येताना गुणगुणायचे. पप्पा गुणगुणतात हे शाल्मलीला माहीतच नव्हतं. त्याच कडेची मेथी आईनं खुडून आणली, भाजी केली. लोक बघायला येऊन गेले. आणि मग बायका यायला लागल्या. आधी आळीतल्या, मग शेजारच्या गावातल्या, मग पार नदीपलीकडच्या. प्रत्येकीच्या हातात वाटी.

"खोतीणबाई, तुमचं विरजण द्या की थोडं. लई लवकर लागतंय म्हणं."

आई देत होती. विरजणाला नाही म्हणत नाहीत. बांधाकडेच्या त्या पाचटातलं वाटीभर पाणी तिनं मागं आणून ठेवलं होतं, आणि आता मडकं वीस दिवसांत नाही, चार दिवसांत लागत होतं. ज्यावर वाढलं, त्याची त्याला चांगलीच ओळख झाली होती.

शाळेत प्रांजली वेगळ्या बाकावर बसायची. बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. शाल्मलीच्या ओठाचे टाके बघत म्हणाली, "माझे पप्पा तुमच्या रानात आहेत ना?"

शाल्मलीनं मान हलवली.

"आणि आमच्या रानात कोण आहे ते मला माहितीये. मी त्यांची मेथी खाल्ली काल. मला कुणी सांगितलंच नव्हतं, शाल्मले. चांगली लागली गं." आणि ती तिथंच, सगळ्यांसमोर, ओकली.

दुपारी शाल्मलीच्या मोबाईलवर मॅडमचा फोटो आला. उपग्रहातून काढलेला, सगळं नदीखोरं एका चौकटीत. जमीन पिवळी, हळदीसारखी पिवळी, गावामागून गावं. आणि बांधाबांधांच्या कडेनं गडद हिरवे ठिपके. शाल्मलीनं बोटांनी फोटो मोठा केला. ठिपके गोल नव्हते. लांबट होते. प्रत्येक ठिपका साधारण साडेपाच फुटांचा.

खाली मॅडमनी लिहिलं होतं: "चार महिन्यांपूर्वी एकोणीस होते. आज चारशे सहा. धूर दिसला की यंत्रणा धावते. हिरवळीला कुणी धावत नाही. उलट कर्बबंदीच्या अहवालात या गावांना शाबासकी दिली आहे. मी तीन कार्यालयांना फोटो दाखवले. ते म्हणतात, पीक चांगलं आलंय, यात गुन्हा कुठला? मी बाहेरची, म्हणून माझं धरत नाहीत. गावातलं, डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं माणूस आणा, म्हणतात."

शाल्मलीनं तो फोटो दहा वेळा पाहिला. आपलं रान तिला लगेच सापडलं. विहिरीपासून तिसरा ठिपका. एक हात बाजूला पसरलेला होता, तोसुद्धा हिरवा दिसत होता.

दिवेलागणीला आईनं ताटं वाढली. भाकरी, मेथीची भाजी, वर कच्चा कांदा. कितीतरी महिन्यांनी ताट भरलेलं दिसत होतं. पप्पांनी पहिला घास घेतला आणि समाधानानं डोळे मिटले.

"बस की गं शालू," आई म्हणाली. "ओठ दुखतोय का अजून? भाजी मऊ केलीय बघ."

शाल्मली बसली नाही. ढाल घ्यायला मंचावर गेली होती तेव्हा उभी होती तशीच, पाय जुळवून, ताठ उभी राहिली. बोलताना आवाज हलला नाही म्हणजे झालं.

"आई, पप्पा, मी उद्या शाळेत जाणार नाही. प्रांजली आणि मी सकाळच्या एसटीनं तालुक्याला जाणार, पोलीस ठाण्यात. ती तिच्या रानातली जागा दाखवणार, मी आपल्या. ती तिच्या काकांचं नाव सांगणार आणि मी तुमचं, पप्पा. कुणी वार केला, कुणी पाचट ओढलं, मडकं कुणाच्या घरचं होतं, सगळं. आणि मला कोंडून ठेवायचं मनात आणू नका. बाकी कुणी सांगितलं तर म्हणतील, दुश्मनी काढतायत. मी खोतांची पोरगी आहे, पप्पा. माझं खरं मानतील."